धारा आणि खंड

नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. घाट उतरून कोंकणांत जाणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात या रांजणांत टाकीत असत, असें लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. घाटाकडून पूर्वेस निघालें म्हणजे जुन्नर शहर लागतें. शहराच्या सभोंवारच्या डोंगरांत लेणीं कोरलेलीं आहेत, आणि त्यांतील एका शिलालेखांत कोणा दात्यानें आपल्या शेतांचें उत्पन्न करंजाचीं व वडाचीं झाडें लावण्यासाठीं एका श्रेणीकडे सोंपविल्याची नोंद आहे. शेत कोणाचें, तें कसतो कोण, आणि त्याचें उत्पन्न जातें कोणाकडे, हे तीन प्रश्न या मुलुखांत किती जुने आहेत, याची साक्ष तो दगड देतो.

जुन्नर आणि त्याच्या दक्षिणेचा आंबेगांव या दोन्ही तालुक्यांची ठेवण सारखीच आहे. पश्चिमेचा भाग डोंगरी; तेथें पाऊस मुसळधार, खाचरांत भात आणि उतारावर नाचणी व वरई. वस्ती बहुतेक महादेव कोळी लोकांची. पूर्वेकडे जावें तसतसा पाऊस उणा होत जातो आणि बाजरी, ज्वारी व हरभरा हीं पिकें दिसूं लागतात. मधल्या पट्ट्यांत कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या कांठीं कसदार मळई जमिनी आहेत. ओतूर, नारायणगांव, घोडेगांव, मंचर हीं बाजारचीं गांवें याच पट्ट्यांतलीं. (ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव पडलें, तें मूळ गांव मात्र घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें आहे.) जमिनीचा कस ठिकठिकाणीं निराळा, पण कुणब्याच्या मनांतली विवंचना सर्वत्र एकच असे : यंदा किती द्यावयाचें, आणि पुढील सालीं तें किती वाढणार?

या विवंचनेचा इतिहास पाहावयाचा तर प्रथम दोन जुने शब्द ध्यानांत घ्यावे लागतात : मिरासदार आणि उपरी. मिरासदार म्हणजे जमिनीचा वंशपरंपरेचा धनी. तो सारा देत आहे तोंपर्यंत त्याला जमिनीवरून कोणी काढूं शकत नसे. दुष्काळांत देशोधडीला लागला तरी परत येऊन तो आपली मिरास मागे, आणि गांव ती त्याला देई. उपरी म्हणजे ज्याची गांवांत मिरास नाहीं, जो कौल घेऊन जमीन करतो तो. आजच्या माणसाला सहज वाटेल कीं, या उपऱ्याचे फार हाल होत असतील. परंतु पुष्कळ गांवीं उपऱ्याचा सारा मिरासदाराहून हलका असे. याचें कारण उघड आहे. त्या काळीं जमीन उदंड होती आणि हात थोडे होते. लढाया, दुष्काळ, मरी यांनीं गांवें ओस पडत. पाटलाला आपली पांढरी पुन्हां वसती करावयाची असे, आणि त्यासाठीं परगांवच्या कुणब्याला गोड बोलून आणावें लागे. जेथें एकाने जाच केला, तेथून गाडी जुंपून चार कोसांवरच्या दुसऱ्या गांवीं जाण्यास त्याला कोणाची आडकाठी नव्हती.

पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठीं जो कौल देत, त्यांत इस्तावा लिहिलेला असे. पहिल्या वर्षीं नांवाला सारा, दुसऱ्या वर्षीं थोडा अधिक, तिसऱ्या वर्षीं त्याहून अधिक, असें चढत चढत कांहीं वर्षांनीं पूर्ण दर यावयाचा, अशी ही रीत. म्हणजे वाढ होतीच. पण ती पहिल्या दिवशींच कागदावर मांडलेली असे आणि घेणाऱ्याला ती ठाऊक असे. निजामशाहीचा कारभार कांहीं काळ जुन्नराहून चालत होता, आणि त्या दौलतीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याची जमाबंदी दक्षिणेंत इतकी नांवाजली कीं, त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे १६२६ नंतरहि, लोक तिची आठवण काढीत. पेशवाईंत कमाल आकारणी झाली. या साऱ्या घडामोडी राज्यकर्त्यांच्या दप्तरांत मोठ्या दिसतात, पण गांवच्या रोजच्या व्यवहारांत पाटील, कुळकर्णी आणि मामलेदार यांची घासाघीस हीच खरी. दुसऱ्या बाजीरावानें मात्र मामलती मक्त्यानें देण्यास आरंभ केला. जो अधिक बोली बोलेल त्याला मामलत. मक्तेदाराला एक-दोन वर्षांतच घातलेला पैसा काढून घ्यावयाचा असे. पुढील सालीं गांव राहो कीं न राहो, त्याला त्याचें काय! इस्ताव्यामागची दूरदृष्टि तेथें संपली.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि शिवनेरीवर इंग्रजांचें निशाण लागलें. एल्फिन्स्टन हा समजुतदार अधिकारी होता. जुन्या चालीरीतींस एकाएकीं हात लावूं नये, असें त्याचें धोरण होतें. परंतु लौकरच धान्याचे भाव उतरले, आणि सारा रोख रुपयांत द्यावयाचा असल्यामुळें तोच सारा कुणब्याला दुप्पट जड वाटूं लागला. अशा वेळीं प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें पुणें जिल्ह्यांत जमिनीची मोजणी केली. विलायतेंतील अर्थशास्त्र शिकून आलेल्या या गृहस्थानें हिशेब असा बांधला कीं, शेताच्या एकंदर उत्पन्नांतून लागवडीचा खर्च वजा जातां जें निव्वळ उरेल, त्याचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावे. शास्त्र म्हणून तें कदाचित्‌ खरेंहि असेल. पण प्रत्येक शेताचें निव्वळ उत्पन्न ठरविणार कोण? तें ठरविलें हाताखालच्या कारकुनांनीं, आणि ज्यानें त्यांचे हात ओले केले त्याची काळी जमीन बरड ठरली, ज्यानें केले नाहींत त्याची बरड जमीन काळी. १८३० नंतरच्या चार-पांच वर्षांत इंदापुराकडील गांवचीं गांवें उठून निजामाच्या हद्दींत गेलीं. जुन्नरच्या मळईला तितका तडाखा बसला नाहीं, तरी थकबाकी सगळीकडेच सांचली.

मग १८३६ सालीं गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनीं इंदापुरापासून नवी पद्धत सुरू केली. तिचे दोन गुण होते. आकारणी हलकी होती, आणि एकदां ठरलेला धारा ३० वर्षें वाढवावयाचा नाहीं असें वचन होतें. हीच पद्धत पुढें साऱ्या मुंबई इलाख्यांत पसरली, आणि सातबाराच्या उताऱ्यावर आजहि जो आकार दिसतो त्याचें मूळ तिच्यांत आहे. ३० वर्षें धारा वाढणार नाहीं, हें ऐकून शेतकऱ्यानें विहिरी खणल्या, ताली घातल्या, पडीक मोडलें. जुन्या इस्ताव्यांतला विश्वास जणू फिरून आला.

पण या पद्धतीनें दुसरी एक गोष्ट केली, आणि या सर्व कहाणीचें मर्म तींत आहे. ज्याच्या नांवावर खातें, तो खातेदार. आणि खातेदाराला आपली जमीन विकण्याचा, गहाण ठेवण्याचा, वारसांस देण्याचा पूर्ण हक्क. मिरासदार-उपरी हा जुना भेद यापुढें नांवापुरता उरला. आतांपर्यंत सावकार कर्ज देई तें पिकाच्या आणि कुणब्याच्या शब्दाच्या भरंवशावर. आतां जमीनच तारणाला मिळूं लागली. हलक्या धाऱ्यामुळें जमिनीला किंमत आली होती, आणि म्हणूनच ती सावकाराला हवीशी वाटूं लागली! ज्या विंगेटनें ही पद्धत घातली, त्यानेंच १८५२ सालीं सरकारला लिहून कळविलें कीं, सावकाराच्या हातीं कायद्याचें शस्त्र गेल्यामुळें रयत त्याची बंदी झाली आहे. स्वतःच्या कामाचा दोष स्वतः लिहून ठेवणारे अधिकारी थोडेच असतात. विंगेटला एवढें श्रेय दिलेंच पाहिजे.

१८५९ मध्यें मुदतीचा नवा कायदा झाला. नोंदणी न केलेल्या खताची मुदत तीन वर्षें ठरली. हेतु रयतेचें रक्षण व्हावें हाच. पण परिणाम उलट झाला. तीन वर्षें भरत आलीं कीं, सावकार व्याज मुदलांत मिळवून नवें खत लिहून घेई. अंगठा उठला कीं शंभराचे दोनशें झाले. मग न्यायकोर्ट, एकतर्फी हुकूमनामा, जप्ती, लिलांव. लिलांवांत बोली बोलणारा पुष्कळदां तोच सावकार.

येथें श्रोत्यांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. जमीन सावकाराच्या नांवावर चढली, म्हणून सावकार कांहीं नांगर धरावयास जात नसे. नांगर धरणारा पूर्वींचाच. तोच बांध, तीच विहीर, बांधावरचा आंब्याचा रोपा त्याच्या आजानें लावलेला. फरक एवढाच कीं, आतां तो कबुलायत लिहून देणारा कूळ झाला. पूर्वीं तो सरकारास धारा देत होता. आतां तो सावकारास खंड देऊं लागला, आणि त्या खंडांतून सावकार सरकारचा धारा भरूं लागला.

धारा आणि खंड यांत जमीन-अस्मानाचें अंतर होतें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत कापसाचे भाव कडाडले, त्याबरोबर सर्वच मालाच्या किंमती चढल्या, बोरघाटांतून आगगाडी आली. आणि १८६७ सालीं इंदापूरची ३० वर्षांची मुदत संपून फेरआकारणी झाली, ती या तेजीच्या भावांवर नजर ठेवून. पुढें भीमथडींतहि तसेंच झालें. धारा एकदम दीडपट आणि त्याहूनहि अधिक वाढला. तोंपर्यंत तेजी मात्र ओसरली होती. पुणें सार्वजनिक सभेनें गांवोगांव चौकशी करून १८७३ सालीं अहवाल प्रसिद्ध केला, अर्जविनंत्या झाल्या, आणि १८७४ सालीं सरकारनें वाढीला मर्यादा घातली : एकंदर तालुक्याची वाढ शेंकडा ३३ हून अधिक होऊं नये, एका गांवाची शेंकडा ६६ हून अधिक होऊं नये, आणि एका खात्याची शेंकडा १०० हून अधिक होऊं नये.

उदाहरणादाखल समजूं कीं, एका शेताचा धारा ६ रुपये आहे. नव्या नियमानें सरकार फार झालें तर तो १२ रुपये करील, आणि पुढें ३० वर्षें त्याला हात लावणार नाहीं. पण तेंच शेत सावकाराच्या खात्यावर असेल आणि त्यानें कुळाकडून यंदा ३० रुपये खंड घेतला असेल, तर पुढील सालीं ४० मागण्यास त्याला कोणता नियम आडवा येत होता? एकहि नाहीं. ३० वर्षांचें वचन खातेदारासाठीं होतें. शेंकड्यांच्या तिन्ही मर्यादा खातेदारासाठीं होत्या. कुळाचें नांव सरकारी कागदांत कोठें नव्हतेंच. कबुलायत ११ महिन्यांची वा एका सालाची. साल संपलें कीं धनी म्हणेल तो आंकडा कबूल, नाहींतर उद्यां औत बाहेर. सरकारनें धारा हलका ठेवला, त्याचा फायदा शेवटीं गेला कोठें, याचें उत्तर या दोन आंकड्यांत आहे.

सावकार म्हणजे राक्षस, असें चित्र रंगविणें सोपें असतें. परंतु तें न्यायाचें नव्हे. पेरणीचें बीं, बैलाची किंमत, लग्नाचा खर्च आणि सरकारचा हप्तासुद्धां तोच भरीत होता. त्याच्यावांचून गांवाचें पानहि हालत नसे, आणि बुडित कर्जाची धास्ती त्यालाहि होतीच. दोष होता तो असा कीं, ज्याच्या हातीं रोख पैसा त्याच्याच हातीं जमीन, आणि ज्याच्या हातीं जमीन त्याच्याच हातीं खंडाचा आंकडा, अशी तिहेरी सत्ता एका ठिकाणीं आली आणि तिच्यावर लगाम कोठेंच राहिला नाहीं.

या सत्तेला निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळ्या रीतीनें तोंड दिलें. आंबेगांवच्या डोंगरी भागांतील जांभोरीचा होन्या केंगले या कोळी नायकानें १८७३ च्या सुमारास टोळी उभारून सावकारांवर धाडी घातल्या, त्यांचीं नाकें कापलीं, खतें हिसकावलीं; १८७६ मध्यें तो पकडला गेला. देशावर दुसरा मार्ग निघाला. शिरूर तालुक्यांतील करडे गांवीं १८७४ च्या डिसेंबरांत एका सावकारानें हुकूमनाम्यावर एका प्रतिष्ठित ऋणकोचें घर पाडलें, तेव्हां गांवानें सावकारांवर बहिष्कार घातला : त्यांचें शेत करावयाचें नाहीं, त्यांचें पाणी भरावयाचें नाहीं. इंदापूर तालुक्यांतील कळस गांवच्या लोकांनीं तर असा करार लिहूनच काढला. आणि १२ मे १८७५ या दिवशीं भीमथडींतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा पेटला. पुणें व नगर जिल्ह्यांत तो पसरला. लोकांनीं सावकारांच्या वह्या आणि खतें मागून घेऊन जाळलीं. माणसांच्या जिवावर मात्र सहसा उठले नाहींत. चौकशीसाठीं कमिशन बसलें, मध्यंतरीं १८७६-७७ चा भीषण दुष्काळ पडला, आणि अखेर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

हा कायदा पुष्कळ अंशीं चांगला होता. कर्जापायीं शेतकऱ्याला तुरुंगांत घालणें बंद झालें. खतावरचा आंकडा डोळे मिटून न मानतां मूळ देणें किती याची फोड करण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. दस्तऐवज गांवोगांव नोंदवूं लागले. पण कायद्याची सारी दृष्टि ऋणकोवर होती. ज्याची जमीन अगोदरच गेली होती आणि जो आतां नुसता कूळ होता, त्याच्या खंडाविषयीं त्यांत कांहींच नव्हतें. शिवाय हुशार सावकारांनीं नवी वाट शोधली : गहाणाची फोड होते ना, मग गहाण नकोच, सरळ खरेदीखत करून द्या, आणि पैसे फेडल्यावर जमीन परत करूं हा शब्द तोंडी. अशानें कायद्यानंतर कुळांची संख्या उलट वाढली.

अशा स्थितींत १८८० नंतरच्या दशकांत जुन्नर तालुक्यांतील कुळांनीं जें केलें, तें दंग्याहून फार निराळें होतें. त्यांनीं एकहि वही जाळली नाहीं. सावकार-जमीनदारांच्या ज्या जमिनी ते खंडानें करीत होते, त्या जमिनी करण्याचें त्यांनीं सोडून दिलें. अटी हलक्या करा, मग औत घालूं. तोंपर्यंत तुमची जमीन तुमच्यापाशीं. पेरणीच्या दिवसांत शेतें पडीक राहिलीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचें काम या भागांत रुजलेलें होतें. ओतूरचे भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे हे जोतीरावांचे येथील सहकारी. १८८३ सालीं जोतीरावांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, आणि त्याच सुमारास सत्यशोधक मंडळींच्या पाठबळावर या कुळांनीं आपला संप चालविला. समाजाच्या बैठकींतून, लग्नकार्यांतून माणसें एकत्र येत होतीं, हिशेब एकमेकांना सांगत होतीं. आपण एकटेच नाडलों असें मानणाऱ्याला शेजारच्या गांवचा आंकडाहि तितकाच निघाला हें कळत होतें. एरवी खंडाची बोलणी धन्याच्या ओटीवर, एकेका कुळाशीं निरनिराळी होत. तीं आतां चारचौघांत आलीं.

हें हत्यार कसें चालतें हें समजून घेण्यासारखें आहे. खातें सावकाराच्या नांवावर असल्यामुळें सरकारचा धारा त्याच्या डोक्यावर. रयतवारीचा नियम असा कीं, शेत पिको वा पडीक राहो, खात्यावर जमीन आहे तर धारा दिलाच पाहिजे. म्हणजे शेत ओस पडलें कीं येणें बंद आणि देणें चालू. ज्या कायद्यानें सावकाराला मालक केलें, तोच कायदा आतां त्याच्या दाराशीं हप्ता मागावयास उभा! शिवाय पडीक जमीन तशीच राहत नाहीं. पहिल्या पावसांत हरळी आणि कुंदा माजतो, आणि कुंद्याचीं मुळें एकदां खोल गेलीं कीं, चार-चार बैलजोड्यांचा नांगर घातल्याशिवाय रान पुन्हां मोकळें होत नाहीं. एक हंगाम गमावणाऱ्या धन्याला दुसऱ्या हंगामाचाहि खर्च वाढलेला दिसतो.

पण कुळाच्या पदरीं काय होतें? घरांत सालाचें धान्य क्वचित्‌. दावणीला बैल, आणि बैलाला लागणारा कडबासुद्धां त्याच सोडलेल्या शेतांतून यावयाचा. उसनें मागावें तर तें मागावयाचें कोणाकडे? ज्याचें शेत टाकलें त्याच्याचकडे! मृगाचा पाऊस पडला, शेजारचें मिरगी रान पेरून झालें, आणि आपण ज्या शेतांत लहानाचे मोठे झालों तें वापसा येऊनहि रिकामें पाहावयाचें, हें कुणब्याच्या जिवाला काय वाटलें असेल याची कल्पना ज्यानें शेती केली त्यालाच यावी. दंगा एका रात्रींत होतो. पेरणी सोडून बसणें हें चार महिने, रोज सकाळीं उठून, नव्यानें करावें लागतें.

आणि सर्व भिस्त एकजुटीवर. परगांवचा एक कुणबी जरी वाढीव खंड कबूल करून औत घेऊन आला, तरी संप मोडला. तो आला नाहीं, यास सत्यशोधकांची शिकवण कारण असेल, गांवकीचा धाक कारण असेल. परंतु आणखीहि एक कारण असावें, असा तर्क करण्यास जागा आहे. १८७६-७७ च्या दुष्काळानें माणसें मेलीं, परागंदा झालीं, आणि १८७२ च्या खानेसुमारीपेक्षां १८८१ च्या खानेसुमारींत पुणें जिल्ह्याची लोकसंख्या कमी भरली. म्हणजे पेशवाईंतल्या उपऱ्याप्रमाणें पुन्हां एकदां जमिनीच्या मानानें हात थोडे झाले होते. ज्या बळावर उपरी कुणबी पाटलाकडून इस्तावा लिहून घेई, तेंच बळ शंभर वर्षांनीं जुन्नरच्या कुळाच्या हातीं थोड्या काळापुरतें आलें.

योगायोग असा कीं, याच वर्षांत हजारों कोसांवर आयर्लंडांत हाच प्रकार चालू होता. तेथें १८७९ सालीं जमीन-संघ स्थापन झाला, आणि १८८० सालीं मेयो परगण्यांत बॉयकॉट नांवाच्या जमीनदारी कारभाऱ्याचें पीक कापावयास एकहि मजूर मिळेना. बहिष्काराला इंग्रजी भाषेंत जो शब्द आहे, तो त्याच्या आडनांवावरून पडला. करड्याच्या लोकांनीं तीच गोष्ट सहा वर्षें अगोदर केली होती, पण शब्दकोशांत नांव गेलें तें बॉयकॉटचें! पुढचा फरक अधिक महत्त्वाचा आहे. ग्लॅडस्टननें १८८१ सालीं आयर्लंडासाठीं कायदा करून वाजवी खंड ठरविणारीं न्यायालयें स्थापिलीं. त्याच साम्राज्याच्या मुंबई इलाख्यांत देशावरील कुळाला असें न्यायालय मिळण्यास जवळ जवळ ६० वर्षें लागलीं.

त्या ६० वर्षांत पिढ्या उलटल्या. लोकसंख्या फिरून वाढली, हात पुष्कळ झाले, आणि जमीन सोडण्याची धमकी देणाऱ्या कुळाच्या मागें दुसरीं चार कुळें उभीं राहूं लागलीं. नाणेघाटाखालीं कोंकणांत खोतीचा जाच तर याहून कडक. तेथें अलिबागेजवळ चरी येथें २७ ऑक्टोबर १९३३ या दिवशीं पंचवीस गांवच्या कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं खोतांच्या जमिनी न करण्याचा निश्चय केला, आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. जुन्नरकरांचेंच हत्यार तें. लोकांनीं रानांतला लांकूडफाटा विकून आणि मिळेल ती मजुरी करून सहा वर्षें काढलीं. डॉ. आंबेडकरांनीं १७ सप्टेंबर १९३७ रोजीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें, त्याच्या पाठीमागें हा संप उभा होता.

१९३९ सालीं मुंबई इलाख्यांत पहिला कूळकायदा झाला, आणि संरक्षित कूळ हा शब्द कागदांत आला. १९४८ च्या कायद्यानें खंडाला प्रथमच आंकड्यांची मर्यादा घातली : कोरडवाहू जमिनीला पिकाच्या तिसऱ्या हिश्शाहून आणि बागायतीला चवथ्या हिश्शाहून अधिक खंड घ्यावयाचा नाहीं. १९५६ च्या दुरुस्तीनें हा खंड धाऱ्याच्या पटींत बांधला. पांचपटीहून किंवा एकरी २० रुपयांहून, दोहोंपैकीं जें कमी असेल त्याहून, अधिक नाहीं. धारा आणि खंड यांचा जो संबंध विंगेटच्या पद्धतींत तुटला होता, तो अशा रीतीनें १२० वर्षांनीं पुन्हां जुळला. आणि १ एप्रिल १९५७ या दिवशीं, कृषक दिनीं, कसणारें कूळ तें करीत असलेल्या जमिनीचें मालक मानलें गेलें. किंमत हप्त्यांनीं द्यावयाची.

जुन्नर आणि आंबेगांवांतल्या कित्येक घरांत आज जो सातबारा आहे, त्यावर आजोबांचें नांव याच कायद्यानें चढलें आहे. परंतु सर्वांचें चढलें नाहीं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतर्फें दांडेकर आणि खुदानपूर यांनीं १९४८ च्या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली, तिचा अहवाल १९५७ सालीं निघाला. पुष्कळ कुळांनीं आपण होऊन जमिनी सोडल्याच्या नोंदी तींत त्यांना आढळल्या. कायदा लागूं होणार हें जमीनवाल्यांना अगोदर कळलें होतें. कोणी शब्दांत गुंतवून, कोणी जुन्या उपकारांची आठवण देऊन, कोणी नुसती भीति घालून कुळांकडून राजीनामे लिहून घेतले होते. 'माझ्या खुषीनें जमीन सोडीत आहें,' अशा मजकुराखालीं अंगठा उठविण्यापूर्वीं तो मजकूर कुळाला वाचून कोणी दाखविला असेल, हा प्रश्नच आहे. ज्यांनीं राजीनामे दिले त्यांतले कांहीं जण त्यानंतरहि तेंच शेत, त्याच औतानें, त्याच धन्यासाठीं करीत राहिले. कागदावर मात्र आतां ते गडी होते.